तिसरी गोलकीपर

आमच्या हायस्कूलच्या मैदानाला नवी कंपाउंड वॉल झाली, त्याला आता वर्ष होईल. फाटकातून आत शिरल्याबरोबर दिसेल अशा जागी त्या भिंतीवर माझं चित्र आहे. पेंटर शहापूरचा होता. त्याने मला उजवीकडे झेप घेताना काढलंय. हात लांब, डोळे आहेत त्याच्या दुप्पट, आणि बोटांच्या टोकांवर चेंडू. खाली लाल अक्षरांत लिहिलंय, ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पेनल्टी अडवून देशाची शान राखणारी आपल्या गावची कन्या.’ मी याच शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका आहे. रोज सकाळी सात वाजता मुलींना त्या भिंतीच्या कडेने पळायला लावते आणि स्वतः चित्राकडे पाठ करून उभी राहते.

पेनल्टी मी अडवलेली नाही. देशाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघात मी दोन वर्षं होते, हे खरं. तीन स्पर्धांना गेले, विमानात बसले, छातीवर तिरंगा असलेला ट्रॅकसूट घातला, तेही खरं. पण तिन्ही स्पर्धा मिळून मी एक मिनिटसुद्धा खेळले नाही. मी तिसरी गोलकीपर होते.

तिसऱ्या गोलकीपरचं काम काय असतं ते सांगते, कारण गावात मला ते कुणी विचारत नाही. स्पर्धेला संघासोबत तीन गोलकीपर नेतात. पहिली खेळते. पहिलीला काही झालं तर दुसरी खेळते. दोघींना काही झालं तर तिसरी, आणि दोघींना एकदम काही होत नाही. सामन्याआधी पहिलीचं अंग मोकळं व्हावं म्हणून तिसरीने तिच्यावर शॉट मारायचे. ती झेपावून धरते तेव्हा ‘मस्त’ म्हणायचं. मग चेंडू जाळीत भरायचे, शर्टावर बिनबाह्यांचं बिब चढवायचं आणि बाकावर शेवटून दुसऱ्या जागी जाऊन बसायचं. शेवटच्या जागेवर औषधाची पेटी असते. राष्ट्रगीताला बाकावरच्या मुलीही ताठ उभ्या राहतात, पण कॅमेरा तिथपर्यंत येत नाही.

संघाच्या सराव कॅम्पच्या जेवणाच्या हॉलमध्ये आधीच्या तुकड्यांचे फोटो होते. या संघाचं वय कधी वाढत नाही. मुली सतरा ओलांडतात, बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. कुठल्या तुकडीने शेजारच्या देशांना हरवलं, कुठली आशियाच्या पात्रता फेरीतूनच परत आली, हे मॅनेजर मॅडम पहिल्याच संध्याकाळी फोटो दाखवत सांगायच्या. जिंकलेलं त्या सावकाश सांगायच्या आणि हरलेलं भरभर. प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत वेगळ्या रंगाच्या शर्टातल्या तिघी असायच्या. मॅडम त्यांतल्या एकीचंच नाव सांगायच्या. पहिल्या वर्षी माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मी गोलमध्ये कशी आले, तेही साधंच आहे. आमचं घर खर्डीपासून रिक्षाने वीस मिनिटांवर, बौद्धवाड्यात. बाबा आटगावला एका गोदामाच्या गेटवर ड्युटी करतात. पावसाळ्यात आई भाताच्या आवणीला जायची आणि शाळा नसेल तेव्हा मीही जायचे. बांधावरून रोपांच्या मुठी फेकल्या जातात, त्या चिखलात पडायच्या आत झेलायच्या आणि बायकांच्या हाताशी द्यायच्या, हे माझं काम. शाळेतल्या पीटीच्या सरांनी एकदा रस्त्यावरून जाताना ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला गोलमध्ये उभं केलं. पुढे तालुका, जिल्हा, राज्य, आणि एक दिवस देशाच्या कॅम्पचं पत्र. सरांनी ते पत्र प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं होतं.

आता खोटं कुठे सुरू झालं ते सांगते. ते पेंटरने सुरू केलं नाही, की शाळेनेही नाही. मीच केलं.

दुसरी स्पर्धा आशियाच्या पात्रता फेरीची होती. पहिला सामना आम्ही सात गोलांनी हरलो. संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात बसून मी घरी फोन लावला. आमच्याकडे रेंज अंगणातल्या चिंचेखालीच यायची, म्हणून फोन घ्यायला बाबा तिथे जाऊन उभे राहायचे, आणि बाबा चिंचेखाली दिसले की वाड्यातली माणसं गोळा व्हायची. मला मागून आवाज ऐकू येत होते. बाबांनी विचारलं, “खेळलीस ना?”

नाही म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण मागे कुणीतरी म्हणालं, थांबा रे, ऐकू द्या, आणि सगळे गप्प झाले. मी म्हणाले, “हो.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. परत गेले की सांगेन, असं मनात होतं. पण परत आले तर खर्डी स्टेशनाबाहेर ताशा वाजत होता. उघड्या जीपवर मला उभं केलं, गुलाल उधळला, आणि चौकात फ्लेक्स होता. फ्लेक्सवर मी ग्लोव्हज घालून चेंडू धरलेला फोटो. तो सामन्याआधी पहिलीला शॉट मारताना कुणीतरी काढलेला होता. वरच्या बाजूला पुढाऱ्यांचे आठ चेहरे आणि खाली शुभेच्छुकांची सोळा नावं, मी मधे. जीपवर बाबा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि ते हसत नव्हते, रडत नव्हते, नुसते समोर बघत होते. अशा माणसाला चालत्या जीपवर काय सांगणार?

त्यानंतर सत्कार सुरू झाले. आमच्याकडे सत्काराची एक रीत आहे. शाल आणि नारळ देण्याआधी सत्कारमूर्तीचा परिचय वाचायचा. परिचयाचा कागद शाळेतल्या मराठीच्या सरांनी लिहिला होता. माणूस मनाने चांगला, आवाज खणखणीत, आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याकडे. पहिल्या कागदात एवढंच होतं की मी देशासाठी खेळले. शहापूरच्या मंगल कार्यालयात सत्कार झाला तेव्हा त्यांनी तो कागद पुढच्या माणसाला दिला, त्याने त्यात ‘झुंजार’ घातलं. तिथून तो बुद्ध जयंतीच्या कार्यक्रमात गेला, तिथे ‘अनेक गोल अडवले’ आलं. प्रत्येक ठिकाणी जुना कागद मागवायचे, नव्याने उतरवून घ्यायचे, आणि उतरवताना जरा बरं दिसावं म्हणून एक ओळ वाढायची. पेनल्टी कुठे वाढली, हे मला अजून कळलेलं नाही. एका दुपारी मी खुर्चीत बसले होते, माईकवरून ‘पेनल्टी’ ऐकू आलं आणि टाळ्या पडल्या. मीही मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

एकच माणूस मला विचारणारा होता, ते म्हणजे पीटीचे सर. त्यांची बदली मुरबाड तालुक्यात धसईला झाली होती. तिथल्या शाळेत त्यांनी माझा सत्कार ठेवला. शहापूरहून मुरबाड, तिथून धसईची एसटी. बाजाराचा दिवस होता, गाडीत वांग्यांच्या करंड्या आणि त्यांच्यामधे मी, मांडीवर ट्रॅकसूटची पिशवी घेऊन. सर स्टँडवर घ्यायला आले. चालता चालता त्यांनी विचारलं, किती मिनिटं मिळाली. मी सांगितलं, शून्य. ते थांबले. मग म्हणाले की देशातल्या पहिल्या तिघींत असणं ही काही छोटी गोष्ट नाही, आणि आज आपण तेच सांगू. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि त्यांच्या पुढे चालू लागले.

कार्यक्रमात मुख्याध्यापकांनी खिशातून कागद काढला. आमच्या शाळेतून मागवलेला. झुंजार, अनेक गोल, पेनल्टी, सगळं होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मुख्याध्यापक त्यांचे साहेब, समोर तीनशे मुलं, आणि साहेब म्हणत होते की अशा खेळाडूला घडवणारे गुरुजी आज आपल्या शाळेत आहेत. सर उठले, हात जोडले आणि बसले. परतीच्या गाडीत मला त्यांचा राग आला. मग किन्हवलीच्या आसपास कुठेतरी लक्षात आलं, की ते फक्त तेच करत होते जे मी सहा महिने करत होते.

सतरा ओलांडल्यावर मी संघातून बाहेर पडले. पुढच्या तुकडीत माझ्या जागी कुणीतरी आली असेल, तिचंही नाव मॅडम सांगत नसतील. मी बारावी केली, खेळाच्या शिक्षणाचा कोर्स केला, आणि आमच्याच शाळेत लागले. वाटलं होतं, सहा वर्षं झाली, विसरतील. पण आमच्या भागातून देशाच्या संघात जाणं रोज होत नाही, तेव्हा विसरणार कसे? बाजारात भाजी घेताना बाई विचारायची, पेनल्टीवाली ना तू? रिक्षावाला नव्या पाहुण्याला आरशातून मला दाखवायचा. कुठे जायची सोय नव्हती. मुंबईच्या एका क्लबने एकदा बोलावलं होतं, तेही मी टाळलं. तिथे कुणीतरी जुन्या नोंदी काढून बघेल आणि गावाला कळेल, अशी भीती. म्हणजे न खेळलेल्या सामन्यापायी, जिथे खेळायला मिळालं असतं ती जागाही मी सोडली. हे लिहिताना मला माझीच चीड येते.

आणि मग कंपाउंड वॉल आली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर चित्राचं अनावरण करायचं, असं ठरलं. मी मुख्याध्यापकांना दोनदा सांगितलं, माझं चित्र नको, एखाद्या मोठ्या खेळाडूचं काढा. ते म्हणाले, मोठ्या खेळाडूंना आपलं मैदान ठाऊक आहे का? फ्लेक्स पावसात फाटतो, परिचयाचा कागद हरवतो, पण हे भिंतीवर ऑइलपेंटने जाणार होतं. मी ठरवलं की त्या दिवशी मनोगताला उभं करतील तेव्हा सांगून टाकायचं. आदल्या आठवड्यात मी वाक्यं पाठ केली. मी तिसरी गोलकीपर होते. मी एकही मिनिट खेळले नाही. पेनल्टी मी अडवली नाही. तीन वाक्यं, लहान लहान. शाळेत जाताना रिक्षात पुटपुटत होते, तर शेजारची म्हातारी मला विचारायला लागली, तोंडात काय घोळवतेस गो.

सव्वीसला अनावरण झालं, पुढारी नारळ फोडून निघून गेले, आणि मराठीच्या सरांनी माईकवर जाहीर केलं की सगळ्यांनी हॉलमध्ये चला, एक सरप्राइज आहे. हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या आणि वर्गांतले पडदे बांधले होते. आत अंधार. समोर पांढरी चादर, मधे प्रोजेक्टर. सरांच्या पुतण्याने इंटरनेटवरून माझा सामना शोधून काढला होता. आशियाच्या पात्रता फेरीतला, तोच, सात गोलांचा.

मला पहिल्या रांगेत बसवलं. उजवीकडे बाबा, डावीकडे वाड्यातली सगळ्यात म्हातारी आजी, मागे बायकांमध्ये आई. माझ्या मागे दार बंद झालं, उजेड येऊ नये म्हणून. खांद्यावर शाल होती आणि जानेवारीत मला घाम फुटला. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता मला काही सांगायला नको. ते स्वतःच बघतील.

वेळ कमी म्हणून दुसरा हाफच लावला. इंग्रजी कॉमेंट्री मुलांना कळणार नाही, म्हणून सरांनी आवाज बंद केला आणि माईक स्वतः घेतला. खर्डीच्या नेटवर उतरवलेला व्हिडिओ, चित्र सगळं ठिपक्याठिपक्याचं. चेहरे दिसतच नव्हते. निळ्या शर्टातल्या दहा मुली, आणि गोलपाशी हिरव्या शर्टातली, केस मागे बांधलेली एक. सरांनी तिच्याकडे काठी दाखवली आणि म्हणाले, “ही बघा आपली.”

हॉल टाळ्यांनी भरून गेला.

ती पहिली गोलकीपर होती. ईशान्येकडची, माझ्यापेक्षा चार बोटं उंच, डाव्या पायाने किक मारणारी, रात्री झोपेत गाणी म्हणणारी. तिच्याशेजारच्या खाटेवर मी दोन वर्षं झोपले. पण आमच्या लोकांना एवढंच माहीत होतं की गोलमध्ये एकच असते, आणि ती आपली असते. तिने पहिला चेंडू धरला तेव्हा बाबांनी माझा गुडघा दाबला. तिने दुसरा बाहेर ढकलला तेव्हा मागची मुलं माझ्या नावाने ओरडली. मी खुर्चीत बसून दुसऱ्या मुलीला माझ्या नावाने खेळताना बघत होते, आणि लोक एकदा चादरीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते, आणि कुणालाही फरक दिसत नव्हता. मी शिकवते त्या शाळेच्या संघातल्या मुली मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कळलं का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मग गोल व्हायला लागले. तीन आधीच झाले होते, चौथा झाला तेव्हा सर म्हणाले, हरकत नाही. पाचव्याला त्यांनी माईक खाली धरला. आजीने अंधारात माझा हात शोधून काढला आणि तिच्या खरखरीत तळव्यांत धरून ठेवला. मी न खाल्लेल्या गोलांसाठी लोक मला धीर देत होते. बाबा पुढे झुकून शेजारच्याला समजावत होते की बचावाच्या पोरी पुढे निघून जातात, एकटी गोलकीपर काय करील.

सहाव्या गोलाला ती खांबावर आपटली आणि पडून राहिली. हे मला आठवत होतं. औषधाची पेटी घेऊन डॉक्टर धावले होते. हॉलमधल्या सगळ्या बायका एकदम माझ्याकडे वळल्या. आजी माझं कपाळ चाचपून बघू लागली. लागलं का गो फार, आम्हाला सांगितलंही नाहीस, खूण हाय का? मी मान हलवत होते, आणि चादरीवर त्या वेळी काय दिसत होतं याकडे ना माझं लक्ष होतं, ना कुणाचं. मग ती उठली, सातवा गोल झाला, शिट्टी वाजली, सतरंज्या सोडल्या आणि उजेड आत आला.

कुणीतरी विचारलं, पेनल्टी कुठाय? सर म्हणाले, ती पुढच्या सामन्यात. आणि मला मनोगतासाठी बोलावलं.

मी माईकपाशी गेले. वाक्यं पाठ होती. “मी तिसरी गोलकीपर होते,” मी म्हणाले. “मी एकही मिनिट खेळले नाही. आता तुम्ही बघितली ती मी नाही.”

मला वाटलं, झालं, सुटले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आजी बोलली, तिला हळू बोलता येतच नाही. “खेळली नायस कशी? आमी आता डोल्यांनी बगितली नं. हरलं म्हनून कोन असं नाय बोलत, पोरी.”

लोक हसले नाहीत. त्यांनी माना डोलावल्या. सरांनी माईक अलगद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, सात गोलांचं ओझं ही मुलगी सहा वर्षं वाहते आहे, आज आपण तिला सांगू या की हार तिची एकटीची नाही. मग मी जे काही बोलू पाहत होते ते टाळ्यांत बुडालं. मी खरं बोलले होते, आणि सगळ्या गावाच्या दृष्टीने आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होते. मी पुन्हा माईककडे हात केला, तर बाबा उभे राहिले. बाबा सभेत कधी उभे राहत नाहीत.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, “हरली. पन खेळली माझी पोरगी. खेळलीस ना?”

तोच प्रश्न होता, चिंचेखालचा. आणि तेव्हासारखीच सगळी माणसं माझं उत्तर ऐकायला गप्प झाली होती. मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी सहा वर्षं जे ज्याला त्याला सांगितलं, गोदामाच्या गेटवर, रिक्षात, लग्नांत, ते सगळं त्यांच्याच तोंडावर आलं असतं. मी म्हणाले, “हो.”

त्या दिवशी घरी आल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन बसले. बाबा ओटीवर बसून फोनवर कुणालातरी सामना सांगत होते. पुढच्या सामन्यातली पेनल्टीही त्यांनी सांगितली. दिवेलागणीला आई आत आली आणि पत्र्याची पेटी उघडली. तळातून माझा हिरवा शर्ट काढला, एकवीस नंबरचा. माझ्या मांडीवर ठेवला आणि समोर बसली.

“तू परत आलीस तवा बॅग मीच खोल्ली,” ती म्हणाली. “हा धुवाया काढला. शाळेतून खेळून यायचीस तर कोपराला माती, पोटाला गवताचं हिरवं, दोनदा घासला तरी जायाचं नाय. याला काय बी नव्हतं. निस्ता घामाचा वास.”

सहा वर्षं. मला आधी हायसं वाटलं, मग इतका राग आला की मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तिने बाहेर ओटीकडे नुसतं बघितलं. मला कळलं. माझ्याइतकीच वर्षं तीही तिथेच अडकली होती, त्याच माणसापायी.

मग तिने विचारलं, “कुठं बसवायचे तुला?”

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं, बाक, बिब, शेवटून दुसरी जागा, शेजारी औषधाची पेटी. ती सगळं ऐकत होती, जेवायला काय द्यायचे ते ऐकावं तसं. म्हणाली, मला दाखव. मी मोबाइलवर तो सामना शोधला. तिने स्वतःच सांगितलं, ती पोरगी खांबावर आपटली तिथं लाव. आजी तुझं कपाळ चाचपत होती ना, तवा मी पडद्याकडंच बगत होते.

मी लावलं. पहिली जमिनीवर पडलेली आहे, डॉक्टर धावताहेत. मग कॅमेरा बाकाकडे वळतो. सगळं मिळून चार सेकंद. बिब घातलेल्या मुली ओळीने बसल्यात. कोच मागे वळून बाकाकडे हात करतात. शेवटून दुसऱ्या जागेवरची मुलगी झटकन उठते, उठता उठता बिब डोक्यातून अर्धं काढते. कोच मान हलवतात आणि तिच्या शेजारच्या दुसऱ्या गोलकीपरकडे बोट दाखवतात. मुलगी तशीच उभी राहते, मग अर्धं काढलेलं बिब खाली ओढते आणि बसते.

मी ते विसरले होते. इतकं विसरले होते की ती मुलगी कोण, हे कळायला मला क्षणभर लागलं.

आईला तेवढंही लागलं नाही. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “उठलीस व्हय गो?”

“वाटलं, मला बोलावलं.”

बाहेर बाबा फोनवर सांगत होते की समोरच्या पोरीने डावीकडे मारली आणि आपली बरोबर डावीकडेच गेली. आईने उठून मधलं दार लोटलं. परत येऊन बसली, शर्ट माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतला.

“परत लाव,” ती म्हणाली. “बसतेस तिथवर नको. उठतेस तिथवर.”

मी परत लावलं.